धनश्रीच्या मांडीवरची उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी. कापसाची नाही हं! सुरतच्या कारखान्यांत साड्यांचं जे कातरण उरतं, ते ठासून भरून धुरपदाबाईंनी मला शिवलं. सुरतेतल्याच कोसाडच्या वसाहतीत त्यांची एक खोली आहे. त्यांची सून धनश्री घरबसल्या साड्यांवर टिकल्या चिकटवते. साडीखाली आधाराला मी.

मग बाळ आलं. वीस दिवसांचं झालं तशी धनश्रीने साडी पुन्हा हाती घेतली. साडी माझ्यावर, बाळ मांडीत, आणि ही दोघांवर वाकलेली. बाळाचं अंग छताकडे आणि मान वाकडी. दूध पिताना ते स्तनाचं नुसतं टोक चोखायचं. पोट कुठून भरणार? सारखी रडारड. धनश्रीच्या छातीला चिरा पडल्या आणि बाळाचं वजन वाढेचना. मला सगळं दिसत होतं, पण उशीचं कोण ऐकतं?

“तुले दूधच येस नही,” धुरपदाबाई म्हणाल्या. “डबानं दूध चालू कर.”

धनश्री रडायला लागली. त्याच दुपारी वस्तीतल्या आशा सेविका उज्ज्वलाताई बाळाचं वजन करायला काटा घेऊन आल्या. त्यांनी तिला पाजताना पाहिलं आणि आधी साडी उचलून बाजूला ठेवली.

“दूध आहे गं तुला. पाजायचं तेव्हा फक्त पाजायचं. भिंतीला टेकून बस. तू वाकू नकोस, बाळाला वर आण.”

त्यांनी मला धनश्रीच्या मांडीवर ठेवलं. माझ्यावर तिचा हात, हातावर बाळ. पोटाला पोट लावलं. बाळाचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत आली. त्याने मोठा आ केला, हनुवटी छातीला टेकली, नाक मोकळं राहिलं. अन् काय सांगू, घोट गिळल्याचा आवाज यायला लागला!

“ताई, आता दुखत नाही हो,” धनश्री म्हणाली.

पुढच्या आठवड्यात वजन वाढलं. धुरपदाबाईंनी मला नवी खोळ घातली. खोटं कशाला बोलू, मी फार फुशारले.

एका दुपारी पाजता पाजता धनश्रीला डुलकी लागली. हात सैल पडला, बाळ घसरलं आणि त्याचं नाक माझ्यात रुतलं. मित्रांनो, मला हात नाहीत. बाजूला होता येईना. मी इतकी कधीच घाबरले नव्हते.

धुरपदाबाई पाणी भरून आत आल्या. “माय वं! पोरनं नाक दबायनं!” त्यांनी बाळाला झटकन उचललं. ते जोरात रडलं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

तुमच्या घरी तान्हं बाळ असेल, तर आई पाजत असताना जवळ बसा. तिचे डोळे मिटायला लागले की हाक मारा. बाळाला सपाट अंथरुणावर उताणं निजवायला सांगा आणि माझ्यासारखी उशी उचलून लांब ठेवा. मी मुळीच रुसणार नाही.