दामिनी लेझर

चूक दामिनीचीच होती. दिवाळीत प्रकाशा या गावी घरी आली तेव्हा तिने वडिलांना, हेमकांतभाईंना, मोबाईलवर आपल्या प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण लेझरचे फोटो दाखवले. असा लेझर तयार करायला एरवी किलोमीटरभर लांब यंत्र लागतं. तिच्या प्रयोगशाळेत वायूवर तीव्र लेझर सोडून प्लाझ्मा करतात. त्यातल्या लाटेवर स्वार झालेल्या इलेक्ट्रॉनना एरवी शेकडो मीटरांत मिळणारी ऊर्जा काही सेंटिमीटरांत मिळते. पुढे चुंबकांच्या रांगेतून ते नागमोडी धावतात आणि प्रकाश देतात.

"म्हणजे आता खोलीत मावेल, पप्पा," ती म्हणाली होती.

हेमकांतभाईंनी तेवढंच धरलं. ब्राह्मणपुरीच्या शांतीलालभाईंकडे सोयरीक ठरताना नोकरीचा प्रश्न निघाला, तेव्हा त्यांनी चार माणसांत सांगून टाकलं, "मशीन खोलीमा मावस. पोर अठेच काम करी."

लग्नाला बारा दिवस उरले असताना शांतीलालभाईंनी दामिनी आणि हेमकांतभाईंना बोलावून घेतलं. केळीच्या गोदामामागे नवी खोली उभी होती. फरशी, एसी, थ्री-फेज मीटर. दारावर पितळी अक्षरं: 'दामिनी लेझर'.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी, पाच जूनपासून, दामिनीच्या गटाला प्रयोगशाळेतल्या यंत्रावर सहा आठवडे मिळणार होते. इलेक्ट्रॉनांचा झोत पहिल्यांदाच पुरेसा एकसारखा झाला होता. चुंबक जुळवण्याचं काम तिचं होतं. ती गेली नाही तर ते दुसऱ्याला जाणार होतं.

"बोल पोरी, काही कमी शे का?" शांतीलालभाईंनी विचारलं.

"आबा, खोलीत मावतो तो फक्त प्लाझ्माचा भाग. प्लाझ्मा करणाऱ्या लेझरला वेगळा हॉल लागतो. भोवती चार फूट काँक्रीट लागतं, किरणोत्सर्ग अडवायला."

"चार फूट? बांधी टाकसूत."

"जमीन जराही हलून चालत नाही. ट्रक गेला तरी झोत चुकतो."

"केळीना ट्रक दुसरा दरवाजातून काढसूत."

"पहिले तुम्ही हळू चाला," होणाऱ्या सासूबाई प्रतिभाबेन नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्ही चालनात का मन्हा भांडा वाजतस."

सगळे हसले. दामिनीही हसली. आपण सांगितलेली प्रत्येक अडचण इथे गवंड्याचं काम होते आहे, हे तिला हसता हसताच कळलं.

ती बाहेर आली. तिच्या मागोमाग अजित आला. होणारा नवरा, फिजिक्सचा पदवीधर.

"मशीन इथे मावणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"आबा फरशी निवडत होते. इतके खूश होते. वाटलं, खोली झाली की तू राहशील. तिथे फिजिक्सचे क्लासेस काढता येतील."

ती परत आत गेली. हेमकांतभाई तिच्याकडे बघत होते.

"मावस ना व माय?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही मावत, पप्पा. आणि पाच जूनला मी तिकडे असेन."

हेमकांतभाई खाली फरशीकडे बघू लागले.

"पाच जून," शांतीलालभाई म्हणाले आणि त्यांनी फोन लावला. "वाहरू मिस्तरी? एक भिंत शे. चार फूट जाड. पाच जूनना पहिले व्हवाले पाहिजे."

"आबा, मी भिंत मागत नाहीये. मी जाणार आहे म्हणते."

शांतीलालभाईंनी तिला हाताने थांबायची खूण केली. "एक मिनिट हं बेटा," ते म्हणाले, आणि फोनवर सिमेंटचं बोलू लागले.