जाळीसमोरची लेनीची जागा

मी बर्फाचा रंधा बोलतोय. हे नाव मला महमूदनं दिलं. त्याचा बाप दाभोळला होड्या बांधायचा. रंधा फिरला की फळी जशी गुळगुळीत होते, तसा मी फिरलो की बर्फ गुळगुळीत होतो, म्हणून.

खरं पाहिलं तर मी एक मोठी गाडी आहे. पोटाखाली रुंद पातं आहे, ते बर्फाची साल काढतं. ती साल माझ्या पोटात जाते. मागून कढत पाणी सुटतं, त्यावरून ओलं फडकं ओढलं जातं आणि थोड्या वेळानं बर्फाची काच होते. पाणी कढत का, असं लोक विचारतात. गार पाणी नुसतं वर बसून राहतं. कढत पाणी खालच्या बर्फाला जरा विरघळवतं, मग त्याच्यात मिसळून जातं. चालवणारा माझ्या मागच्या अंगाला उंच बसतो. पुढं माझं पोट आडवं येतं, त्यामुळे अगदी समोरचं त्याला फार कमी दिसतं. हे लक्षात ठेवा.

माझा जन्म थंड देशातला. तिथं एका तळ्याकाठी कागदाची गिरणी होती आणि गिरणीच्या गावाचा हॉकीचा संघ होता. बर्फावरची हॉकी. संघाचं नाव बगळे. माझ्या कुशीवर तेव्हा राखी रंगाचा बगळा काढलेला होता.

हे बगळे काही मोठ्या शहरातले नामांकित खेळाडू नव्हते. खेळायचा पगार मिळायचा, पण त्यात भागायचं नाही. कोणी सकाळी पाव पोचवायचा, कोणी गिरणीत गठ्ठे बांधायचा. मोठे संघ दूर, वरच्या पायरीवर. तिथल्या कोणाचा पाय मोडला की खालच्या संघातून एखाद्याला बोलावणं यायचं. बोळात एक फोन होता. तो वाजला की कपडे बदलणारी सगळी पोरं गप्प व्हायची. बहुतेक वेळा कोणाची तरी आईच असायची.

लेनी त्यांचा गोलकीपर. पाठीवर एकतीस आकडा. बारीक अंगाचा, पण जाळीसमोर उभा राहिला की मागची जाळी दिसायची नाही. सात वर्षं तो त्या फोनची वाट पाहत होता. एका फेब्रुवारीत फोन आला, तो त्याच्यासाठीच. रविवारी निघायचं ठरलं. शनिवारचा एक सामना दुसऱ्या गावात होता, तेवढा खेळून जातो म्हणाला.

मलाही ट्रकवर घालून त्या गावी नेलं होतं, कारण तिथली गाडी नादुरुस्त होती. तीन डावांतला दुसरा डाव संपल्यावर मी बर्फावर आलो आणि मधोमध अडकलो. पोटातला मळसूत्री दांडा बर्फानं गच्च झाला. माझा चालक वॉल्टर हातानं बर्फ उपसत होता, तरी चाळीस मिनिटं गेली. सामना चाळीस मिनिटं उशिरा संपला, बस चाळीस मिनिटं उशिरा निघाली, आणि तेवढ्यात वादळ रस्त्यावर येऊन पोचलं. बस घसरून तळ्यात गेली. सहा जण परत आले नाहीत. लेनी त्यांतला एक.

वॉल्टर मला कधी काही बोलला नाही. फक्त त्यानंतर उत्तरेकडच्या जाळीसमोर आलं की तो पातं उचलायचा. चटईएवढी जागा तशीच ठेवायचा, ओरखड्यांसकट. ती लेनीची जागा. लेनी तिथं येऊन उभा राहायचा. वॉल्टरला तो दिसायचा की नाही, मला माहीत नाही. मला दिसायचा.

संघ आणखी एक हिवाळा कसाबसा खेळला. मग गिरणी बंद झाली, बगळे मोडले, दाराला कुलूप लागलं. मी बरीच वर्षं अंधारात उभा होतो. मग मला जहाजावर चढवलं आणि उतरवलं ते बहारीनमध्ये.

जुफैरला उंच इमारतींच्या मागं बर्फाचं मैदान आहे. बाहेर डांबर पिघळतं आणि आत लोक लोकरी टोप्या घालून घसरतात. माझ्या अंगावर निळा रंग दिला, बगळा त्याच्याखाली गेला. लेनी मात्र इथंही उत्तरेच्या जाळीसमोर येऊन उभा राहिला. पोटातला बर्फ मी मागच्या अंगणात ओततो. ऊन असतं, म्हणून आजूबाजूचे मजूर, टॅक्सीवाले, स्वयंपाकघरातली माणसं येतात आणि त्या ढिगात हात घालून उभी राहतात. पाच मिनिटांत ढीग खलास होतो.

महमूद पूर्वी तुबलीच्या गॅरेजमध्ये थंडीच्या यंत्रांचं काम करायचा. माझं पातं बसवायला आला आणि माझ्यावरच राहिला. बारा वर्षं. मुलगा उबेद बुदैयाला राहायचा, सून, नात तिथंच. बायको महमुदा मात्र दाभोळला. तिला इथलं ऊन सोसायचं नाही.

पलीकडच्या आरमारी तळावरचे काही जण संध्याकाळी हॉकी खेळायला येतात. त्यांतला एक उंच माणूस एकदा माझ्यापाशी थबकला. निळ्या रंगाखाली बगळ्याची मान उमटत होती, तिच्यावर त्यानं बोट फिरवलं आणि डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं. तो त्या तळ्याच्या पलीकडच्या गावचा. त्यानं महमूदला सगळं इथं शिकलेल्या मोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं. बगळे, फोन, बस, वॉल्टरची राखून ठेवलेली जागा. चाळीस मिनिटांचं मात्र त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून महमूद इथल्या उत्तरेच्या जाळीसमोर तसंच पातं उचलू लागला. कोणी सांगितलं नव्हतं. होडी बांधून झाली की तिच्यात पहिलं कोण बसलं हे विसरायचं नसतं, असं त्याचा बाप म्हणायचा म्हणे. महमूदला ते पुरेसं होतं.

व्यवस्थापक जयप्रकाश पुण्याचे. त्यांनी विचारलं, उत्तरेच्या जाळीसमोर रोज खरबरीत पट्टा राहतो, मशीनला काही प्रॉब्लेम आहे का.

"मशीनला काय नाय साहेब," महमूद म्हणाला. "तिथं एक माणूस उभा असतो."

"मग त्याला तिकीट काढायला सांगा, महमूदभाई."

सगळे हसले. पण झाडूवाले त्या बाजूला जायला काचकूच करू लागले. एक जण म्हणाला, तिकडं फार थंडी वाजते. बर्फावर थंडी वाजते ही तक्रार जयप्रकाशांनी पहिल्यांदाच ऐकली असेल.

काही वर्षं अशी गेली. मग एकदा फेरी मारताना महमूद हळूच म्हणाला, "सलाम लेनीभाय. जरा सरक." आणि तो बरोबर त्या जागेकडे पाहत होता.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. इतकी वर्षं मी एकटाच त्याला पाहत होतो. आता आम्ही दोघं झालो. रोज महमूदचा सलाम, रोज पातं वर, आणि लेनी अंगाला न लागता आमच्यातून निघून जायचा.

महमूदला नात लाईबाचा फार लळा. आठ वर्षांची. शनिवारी दुपारी कस्तुरीबाईंच्या वर्गाला घसरायला शिकायची. महमूद तिच्या बुटांच्या नाड्या बांधायचा. बांधताना तिला लेनीची गोष्ट सांगायचा, अगदी भुताची नाही, पाहुण्याची सांगावी तशी. "काय गो, आज भेटला काय तुला?" असं मराठीत विचारायचा. ती आजोबांना दादा म्हणायची; सांगायची, "नॉट येट, दादा."

त्याच सुमाराला महमूद चहा कपाच्या बाहेर ओतू लागला. नाड्या हातानं चाचपून बांधू लागला. तो कोणाला काही बोलला नाही. डोळे गेले हे कळलं तर नोकरी जाईल, नोकरी गेली की व्हिसा जाईल, आणि मग लाईबाला वर्षातून एकदा पाहायचं. एवढीच त्याची भीती. दाभोळ त्याला नको होतं असं नाही. पण नातीच्या बुटांच्या नाड्या दाभोळहून बांधता येत नाहीत.

आणि एक दिवस लेनी आला नाही. का, कोण जाणे. जाळीसमोर नुसता बर्फ होता आणि वरच्या जाहिरातीच्या दिव्याचा उजेड. महमूद जवळ आला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "सलाम लेनीभाय. जरा सरक."

तेव्हा मला कळलं. त्याला लेनी कधीच दिसला नव्हता. त्याच्या डोळ्यांवर पडदा आला होता, आणि दिव्याखाली जो धुरकट डाग दिसायचा, त्याला तो लेनी म्हणायचा.

हे माझ्याच लक्षात आलं होतं, दुसऱ्या कोणाच्या नाही. मला तोंडानं बोलता येत नाही. पण बोलता आलं असतं तरी मी बोललो असतो का? मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलं आहे. महमूद गेला असता तर मी पुन्हा एकटा. मला वाटतं, मी गप्पच बसलो असतो.

तो शनिवार आला. वर्ग संपला, भोंगा झाला, पोरं बाहेर पडली. आमचा नियम असा, की फाटकाला कडी लागली की मी आत येतो. कस्तुरीबाईंनी पोरं मोजली नाहीत, कारण मोजायचं काम नेहमी महमूद करायचा. तो म्हणाला, सगळी आली.

लाईबा आली नव्हती. ती उत्तरेकडच्या जाळीपाशी गेली होती, लेनीच्या जागेवर पाय जुळवून उभी होती. डोळे मिटलेले. तिला लेनीला भेटायचं होतं.

मी पाहिलं. माझ्या पोटानं महमूदची नजर अडवली होती, तरी बाजूनं तिचा पांढरा कोट त्याला दिसला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. मान झुकवली.

"सलाम लेनीभाय," तो म्हणाला. "जरा सरक."

त्यानं पातं उचललं आणि पुढं जायला पाय दाबला.

मी थांबलो नाही. सांगायला गोड वाटलं असतं, की मी थांबलो. ज्या दिवशी पुढं जायला हवं होतं त्या दिवशी मी अडकलो होतो, आणि आता थांबायला हवं होतं तर माझी चाकं तेल घातल्यासारखी फिरत होती. लेनी तिच्या मागं उभा होता. तोही काही करू शकला नाही.

कस्तुरीबाईंनी कठड्यावरून उडी मारली. पोरीचा कोट धरून ओढला आणि दोघी फरपटत बाजूला गेल्या. तिचा लाल हातमोजा माझ्या चाकाखाली आला. मग कुठे महमूदला ओरडणं ऐकू आलं आणि मी थांबलो.

लाईबाला खरचटलंसुद्धा नव्हतं. ती रडत होती ते दादा ओरडेल म्हणून.

कचेरीचं दार उघडं होतं, मी बोळातच उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं. जयप्रकाशांनी अपघाताचा कागद पुढ्यात ओढला. मग म्हणाले, "मशीन जुनं आहे. ब्रेक लागला नाही, असं लिहितो. मशीन भंगारात जाईल. तुम्ही राहाल."

उबेद लेकीला कडेवर घेऊन उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, तरी तो म्हणाला, "अब्बा, ब्रेकच म्हणा ना."

महमूदनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"रंध्याला काय झालेलं नाय, साहेब. ब्रेक मी दाबलाच नाय. मला पोरगी दिसली होती. मी तिला सलाम केला. दीड वर्ष झालं, मला नीट दिसत नाय. माणूस आणि भूत मला वेगळं करता येत नाय. असं लिहा."

जयप्रकाशांनी लिहिलं. मला तुबलीच्या गॅरेजमध्ये नेऊन ब्रेक तपासले, ते ठीक निघाले. मी परत आलो, तेव्हा महमूदचं लॉकर रिकामं होतं. निरोपाला मी नव्हतो.

आता मला अर्सलान चालवतो. तिशीतला, नजर घारीसारखी. पोरं स्वतः मोजतो, दोनदा. तो पातं कुठेही उचलत नाही. उत्तरेची जाळी, दक्षिणेची जाळी, सगळं एकसारखं. त्याला कोणी सांगितलं नाही, आणि सांगावं असं मला वाटतही नाही.

लाईबा अजून येते. मी बर्फावर असलो की ती कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहते. माझं इंजिन बंद झाल्याशिवाय फाटकापाशी येत नाही. तिला माझी भीती वाटते. वाटू दे.

गेल्या शनिवारी तिनं कठड्यावरून फोन लावला होता. महमूद दाभोळच्या ओटीवर बसलेला दिसत होता. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, जाड चष्मा आहे. त्यानं तिला फोन माझ्याकडे वळवायला सांगितलं. मग म्हणाला, "आता जाळीकडे कर."

तिनं फोन वळवला. तो बराच वेळ पाहत राहिला.

"दिवाच आहे गो नुसता," तो म्हणाला. "कोण नाय ना तिथं?"

"नो वन, दादा."

"बरं," महमूद म्हणाला. पण त्याचा आवाज कोणी मेल्यासारखा झाला होता.

लेनी तिथंच होता. जाळीसमोर, नुकत्याच गुळगुळीत केलेल्या बर्फावर, एकतीस आकडा आमच्याकडे करून. लाईबा फोन धरून उभी होती आणि तो तिच्याकडे वळून पाहत नव्हता.

वाचणाऱ्या माणसा, तुला माझं एवढंच सांगणं आहे. चाळीस मिनिटांचं आजवर मी कोणाला सांगितलं नव्हतं. महमूदनं त्याचं सांगितलं आणि त्याचं इथलं घर गेलं, पण पोरगी त्याचीच राहिली. मी माझं आज तुला सांगितलं. आता भोंगा होईल. मला आत जायचं आहे.