भिंतीवर न मावलेले शब्द

पाट्या रंगवण्याच्या धंद्यातील माझा भागीदार 'वेलांटी' या नावाने सुपरिचित आहे, कारण त्याच्या वेलांटीचे शेपूट शेजारच्या अक्षराची विचारपूस केल्याशिवाय थांबत नाही. आरोग्य केंद्राने त्यास एक भिंत व मजकूर दिला: 'असुरक्षित लैंगिक संबंध टाळा, एचआयव्हीपासून वाचा.' त्या भिंतीसमोरून त्याच्या मातोश्री नित्य जात. जागा अपुरी आहे, असे तो मला म्हणाला. वस्तुतः अपुरे होते ते धैर्य. त्याने पहिले दोन शब्द गाळले आणि टपोऱ्या अक्षरांत झळकले: 'संबंध टाळा, एचआयव्हीपासून वाचा.'

वेलांटीचा मेहुणा घड्याळजी. आमच्याच दुकानाच्या अर्ध्या फळीवर तो घड्याळे उघडून बसे व दुपारी बहिणीकडे जेवे. आपल्या रक्तात हा विषाणू आहे, हे त्याने घरात आपण होऊन सांगितले होते. विषाणू असणे म्हणजे एड्स नव्हे, उपचाराविना शरीर पोखरले गेले तर पुढे ती अवस्था येते, हेही समजावले होते. तो औषध चुकवत नसे व आमच्यापेक्षा ठणठणीत होता. मातोश्रींना ते पटलेही होते. परंतु भिंत वाचून त्यांचे मत फिरले. सुनेला त्यांनी बजावले की भावाने आता जेवायला येऊ नये. पोटच्या पोराने जाहीर लिहिलेले खोटे कसे असेल?

घड्याळजी भांडला नाही. परगावी जाण्यासाठी तो हत्यारे गुंडाळू लागला. तेव्हा त्याची बहीण सासूबाईंचा हात धरून दुकानात आली.

"तुमच्या लाजेपायी माझं माहेर तुटायची वेळ आलीय," ती नवऱ्याला म्हणाली. "सांगा आईंना, कसला संबंध ते."

वेलांटी रंगाचा डबा ढवळू लागला. डबा रिकामा होता.

"आई, जेवणाखाणाचा संबंध नाही हो," अखेर तीच बोलली. "नवराबायकोत असतो तो. निरोध न वापरता केलेला. हा विषाणू रक्तातूनही जातो, आईकडून बाळाला जाऊ शकतो. ताटाला ताट लावून कुणाला झालेला नाही."

मातोश्री लेकाकडे वळल्या.

"एवढंच ना? मग लिहायला काय झालं? तुम्ही भावंडं काय टपालानं आली होतीत?"

वेलांटी मुकाट्याने त्या भिंतीला लावलेल्या शिडीवर चढला. मातोश्री खाली उभ्या राहून 'लैंगिक'च्या दोन मात्रा ठळक काढवून घेत होत्या. येणारेजाणारे थांबून वाचत होते आणि माझा भागीदार कानशिलांपर्यंत तांबडा होत होता.

आपले चुकले, असे मातोश्री बोलल्या नाहीत. पाने वाढली आहेत, अजून कोणाची वाट पाहतोस, एवढेच त्यांनी घड्याळजीस दरडावले. गुंडाळलेली हत्यारे फळीवरच टाकून तो निघाला. जेवताना त्यांनी विचारले की, तुझ्यासारख्याला लग्न करता येते काय? औषध नियमित चालू ठेवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने येते, असे तो म्हणाला.

"मग मुलीला आधी सगळं सांग," मातोश्री म्हणाल्या. "आमच्या पोरासारखे शब्द गाळू नकोस."

घड्याळजीने मान डोलावली व आणखी भात मागितला.