बांधलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. माझे नाव अपोलोनिया. घंटेला नाव कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण आमच्या डोंगरात घंटेचा बाप्तिस्मा होतो, तिला धर्ममाता लाभते आणि मग ती घरच्या माणसासारखी नावानेच ओळखली जाते. माझी धर्ममाता गावच्या लोहाराची बायको होती. माझा रस ओतला जात होता तेव्हा तिने आपल्या कानातले चांदीचे डूल काढून भट्टीत टाकले. ओतारी हसून म्हणाला, "चांदीनं आवाजात काही फरक पडत नाही, बाई. पण टाका. तुमचं मन राहतं." पुढे लोक म्हणत, अपोलोनियाच्या आवाजात बाईमाणसाची माया आहे. ती त्या डुलांची की आणखी कशाची, ते मला ठाऊक नाही.

कास्तेलवेर्नो गाव खाली दरीत आहे. त्याच्यावर तासाभराच्या चढावर खिंड आहे, तिथल्या लहानशा चर्चच्या मनोऱ्यात मला टांगले. मला वर आणायला आठ बैल आणि दोन दिवस लागले. माझ्यासमोर, आणखी तासाभराच्या वाटेवर, कड्याच्या टोकाला जुना किल्ला आहे. किल्ल्याची वाट अरुंद आहे. तिच्या एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला घळ. त्या घळीचा तळ मी इतक्या वर्षांत कधी पाहिला नाही.

माझे खरे काम प्रार्थनेचे नव्हते, ते धुक्याचे होते. खिंडीत धुके आले, की माणसाला स्वतःचे गुडघे दिसत नाहीत. मग मला वाजवीत. तीन टोले, आणि नंतर एक 'नमो मारिया' ही प्रार्थना म्हणून होईपर्यंत शांतता. पुन्हा तीन टोले. त्या शांततेत वाट चुकलेला माणूस उभा राही, कान देई आणि माझ्या दिशेला तोंड वळवी. कोळसे पाडणारे, मेंढपाळ, जळण तोडणाऱ्या बायका, किती जण माझ्या आवाजाला धरून खाली उतरले! उतरल्यावर ते मनोऱ्याच्या भिंतीवर तळहात ठेवत. कुणी तोंडाने आभार मानत नसे. त्या ओल्या तळहातांचे ठसे आठवले की अजून बरे वाटते.

पुढे महायुद्ध आले. सैनिकांनी माथ्यावर खंदक खणले. त्या हिवाळ्यात मी कितीही वाजले तरी त्या सैनिकांतली काही कोवळी मुले उतरली नाहीत. आणि मग, मित्रांनो, असाही काळ आला की शहरांतून माणसे तेच खंदक बघायला येऊ लागली. ती किल्ला बघत, पूर्वी एक जोगी राहायचा ती गुहा बघत, दगडी पूल बघत, आणि जिथे मुले मेली तिथे बसून डबे उघडत. मी त्यांना दोष देत नाही. भूक लागते माणसाला.

या पाहुण्यांना वर नेण्याचे काम निवेस करी. निवेस ही माझ्या घंटावाल्याची, तुल्योची, एकुलती एक मुलगी. तुल्योच्या आधी त्याच्या बापाने मला वाजवले आणि त्याच्याही आधी आजोबाने. तुल्यो, त्याची बायको ओर्तेन्सिया आणि निवेस चर्चला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहत. सव्वीस वर्षांची निवेस बापासारखी उंच आणि आईसारखी तोंडाळ होती. अंगणातून निघतानाच पाहुण्यांना ती किल्ल्याच्या अशा कथा सांगे की बापाला मागून ओरडावे लागे, "अगं, त्या राजाला तीनच बायका होत्या! काल चार सांगितल्यास, आज पाच!"

"बाबा, पाहुणे लांबून येतात. तिघींत त्यांचं भागत नाही!"

आता आमच्याकडची एक रीत सांगते, म्हणजे पुढचे कळेल. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी घंटा बांधतात. प्रभूच्या मरणाचा शोक म्हणून शनिवारपर्यंत कुठलीही घंटा बोलत नाही. तुल्यो माझ्या पोटातल्या लोखंडी लोलकाला गोणपाट गुंडाळी, वर दोरीच्या सात गाठी मारी, आणि त्या दोन दिवसांत लाकडी खडखडे फिरवून गावाला प्रार्थनेची वेळ कळवी.

तुल्यो सहा वर्षांचा असताना त्याच्या बापाने पवित्र शुक्रवारी मला सोडले होते. गुरांचा एक व्यापारी धुक्यात अडकला होता, म्हणून. व्यापारी वाचला. पण त्या ऑगस्टमध्ये गारपीट झाली आणि सगळ्या गावाचे राय धान्याचे पीक जमीनदोस्त झाले. पाणवठ्यावर लोक तुल्योच्या बापाच्या अंगावर थुंकले. बापाचा हात धरून तुल्यो शेजारीच उभा होता. तेव्हापासून माझ्या गाठी मारताना तुल्योचे ओठ पांढरे पडत. मी ते दर वर्षी पाहत असे.

ज्या वर्षाचे सांगते त्याला आता पन्नासच्या वर वर्षे झाली. पवित्र शुक्रवारची सकाळ होती. घळींत अजून बर्फ होता, पण ऊन छान पडले होते. बोलोन्याहून पावेसी नावाचे एक मास्तर, त्यांची बायको आणि दोन मेहुण्या आल्या होत्या. निवेस त्यांना किल्ल्यावर घेऊन निघाली.

"आजच्या दिवशी किल्ला कशाला गं?" ओर्तेन्सिया दारातून म्हणाली. "उपवास आहे."

"त्यांची सुट्टी संपते आई. आणि देव रागावलाच तर माझ्यावर रागावेल, मास्तरांनी काय केलंय?"

"जिभेला हाड नाही कार्टीच्या! टोपी घाल."

निवेसने टोपी घातली नाही.

दुपारी धुके आले. ते वरून उतरत नाही, घळीतून वर चढते, उतू चाललेल्या दुधासारखे. आधी किल्ला गेला, मग वाट गेली, मग चर्चचे अंगणही गेले.

"तुल्यो, धुकं आलं," ओर्तेन्सिया म्हणाली.

"दिसतंय मला."

"पोरगी वर आहे."

"वाट तिच्या पायाखालची आहे. येईल."

तासाभराने ओर्तेन्सिया मनोऱ्याच्या शिडीखाली येऊन उभी राहिली. "हिला सोड, तुल्यो."

तुल्यो वर माझ्यापाशीच बसला होता. त्याचा हात माझ्या गाठींवर होता. "शुक्रवार आहे," तो म्हणाला. "माझ्या बापाच्या अंगावर लोक थुंकले होते, ठाऊक आहे ना तुला?"

"तुझी पोरगी आहे ती!"

"म्हणून तर! मी सोडली आणि वरच्यानं तिच्यावरच काढलं तर?" तो शिडी उतरला. "मी फादरना विचारून येतो. त्यांनी हो म्हटलं की झालं. तू खडखडे फिरवत राहा. आणि गाठींना हात लावू नकोस. शपथ आहे माझी."

तो धुक्यात खाली पळाला. ओर्तेन्सियाने खडखडे उचलले आणि फिरवायला लागली. मित्रांनो, लाकडाचा आवाज कोरडा असतो. तो धुक्यात शिरत नाही, कड्यांवर आपटतो आणि भलतीकडूनच परत येतो. तिला हे ठाऊक नव्हते. शुक्रवारी धुक्यात खडखडे फिरवायची वेळच आजवर कुणावर आली नव्हती. तिला वाटले, आवाज कमी पडतोय, म्हणून ती आणखी जोराने फिरवू लागली. हाताची साले निघाली तरी थांबली नाही. मधेच एकदा शिडी चढून ती माझ्यापर्यंत आली, गाठींकडे बघत राहिली आणि पुन्हा खाली गेली. मी तिच्या डोक्यावर टांगलेली होते. माझे सगळे अंग बोलायला आसुसले होते, पण तोंडात गोणपाट होते.

तुल्यो परतला तो धापा टाकत, गुडघे फुटलेले. मागोमाग फादर एजिदियोही आले. फादर सत्तरीचे, पण त्यांनीही चढ पळत काढला होता.

"मूर्खा, हे विचारायला गाव उतरलास?" ते खालूनच ओरडत होते. "माणूस वाचवल्याचा प्रभूला राग येतो, हे तुला कुणी शिकवलं? मी शिकवलं? सोड तिला!"

दोरी धुक्याने ओली होऊन फुगली होती. एकही गाठ सुटेना. शेवटी तुल्योने सुरीने ती कापली.

मी वाजले. तीन टोले, शांतता, तीन टोले. आयुष्यात इतका जीव तोडून मी कधी वाजले नव्हते.

अर्ध्या तासाने पावेसी मास्तर, त्यांची बायको आणि मेहुण्या एकमेकांचे हात धरून धुक्यातून बाहेर आल्या.

"निवेस आली ना?" मास्तरांनी विचारले. "आम्हाला वाटेतल्या एका पडक्या भिंतीपाशी बसवून ती रस्ता शोधायला गेली. म्हणाली, बाबा खडखडे वाजवताहेत, आवाजाच्या मागे गेलं की चर्च. आवाज उजवीकडून येत होता." मग ते थांबले. त्यांनी माझ्याकडे वर पाहिले, मग आपण आलो त्या वाटेकडे. "पण घंटा तर डावीकडून ऐकू आली."

उजवीकडे घळ होती.

ओर्तेन्सियाने आपल्या हातातल्या खडखड्याकडे पाहिले. ते तिने खाली टाकले नाही. कितीतरी वेळ ती ते तशीच धरून उभी होती. शेवटी मास्तरांच्या बायकोने तिची बोटे एकेक करून सोडवली.

शनिवारी दुपारी गावच्या माणसांनी दोर सोडून निवेसला वर काढले. त्या दिवशी दरीतल्या सगळ्या घंटा सुटल्या आणि ईस्टरच्या आनंदाने वाजल्या. मी वाजले नाही. मला वाजवायला कुणी वर आले नाही.

ओर्तेन्सिया गावात बहिणीकडे राहायला गेली आणि पुन्हा कधी खिंडीत आली नाही. तुल्यो एकटाच राहिला. गावात त्याला कुणी बोल लावला नाही. कुणी थुंकले नाही. पाणवठ्यावर लोक त्याला आधी पाणी भरू देत. मला वाटते, त्यापेक्षा थुंकले असते तर त्याला सोपे गेले असते.

पुढच्या वर्षी पवित्र गुरुवारी त्याने मला बांधले नाही. शुक्रवारी उजाडताच तो वर आला आणि दोर ओढला. तीन टोले, शांतता, तीन टोले. त्या दिवशी आकाशात कापसाएवढाही ढग नव्हता. किल्ल्याचा दगड न दगड दिसत होता. दुपारपर्यंत तो थांबला नाही, तेव्हा फादर एजिदियो काठी टेकत वर आले.

"तुल्यो," ते हळूच म्हणाले, "पुरे आता."

"धुकं आहे, फादर," तुल्यो म्हणाला.

फादरनी उन्हात डोळे बारीक करून किल्ल्याकडे पाहिले. मग त्यांनी टोपी काढली आणि मनोऱ्याच्या पायरीवर बसून राहिले. संध्याकाळी एका टोल्याला माझ्या अंगात काहीतरी तुटले. माझा आवाज फाटला. तरी तुल्यो अंधार पडेपर्यंत वाजवीतच होता.

आता मी किल्ल्याच्या देवडीत एका चौथऱ्यावर उभी आहे. खिंडीत खांबावर भोंगा बसवला आहे. पाहुणे मला बोटांच्या पेरांनी टकटक करून बघतात, मुले माझ्या खाली डोके घालतात. शेजारच्या पाटीवर लिहिले आहे, की कडाक्याच्या थंडीने मला तडा गेला. पाटी लिहिणारा लांबचा होता. त्याला कुणी काही सांगितले नाही, आणि मला आता बोलता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. जुन्या रीती सांभाळा. त्यांत पूर्वजांचा जीव असतो. पण एखादे माणूस बाहेर अडकले असेल आणि त्याला हाक मारण्याचे साधन तुमच्या हाताशी असेल, तर परवानगी विचारायला डोंगर उतरू नका. आधी हाक मारा. रागावणारे मागाहून रागावतील. रागावू देत. त्या वेळी ते माणूस घरात, चुलीपाशी, तुमच्या शेजारी बसलेले असेल.