गायरानावरची हरकत

त्या वर्षी कापूस भरघोस आला आणि वाशीमच्या एका शेठनं आसेगावाकडच्या खेड्यात सरकी काढायचा कारखाना, म्हणजे जीन, घालायचं ठरवलं. जागा मागितली ती गावच्या गायरानाची. गायरानाला लागूनच धावडा, मोह, सालई यांचं रान होतं. सकाळच्या धुक्यात गायरान कुठं संपतं आणि रान कुठं लागतं, ते गुरांनाही कळत नसे.

"रोज पहाटी भोंगा वाजन," मारोतराव पाटील चावडीपुढं सांगत होते. "सारं गाव टायमावर उठन."

"आमच्या घरी सासूबाई हायेत ना, पाटील," तुळसाबाई पदराआडून बोलली. "भोंगा कायले पाह्यजे?"

बाया फिसकन हसल्या. गोजराबाई तेवढी हसली नाही. गायरानात तिचं लेकरू होतं. कुठं, ते तिला ठाऊक नव्हतं.

दात न आलेलं मूल त्या गावात जाळत नसत, गायरानात, रानाच्या कडेला पुरत. बाप एकटा जायचा. दगड मांडायचा नाही, खूण करायचा नाही आणि जागा कुणाला सांगायचा नाही. आईला तर नाहीच. तिचा जीव तिथंच गुंततो म्हणत. गोजराबाईचा नवरा इंद्रभानही असाच एका सकाळी लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन गेला आणि रिकाम्या हातांनी परतला. तेव्हापासून गोजराबाईला स्वप्न पडे. ती गायरानातून चालते, झाडाला विचारते, इथं का? झाड म्हणतं, पुढं. ती पुढं जाते. झाडं सरत नाहीत.

त्या संध्याकाळी भाकर थापता थापता ती नवऱ्याला म्हणाली, "पाया खंदतीन. पहार कोठी लागन, ते तुमालेच ठाव. चौकशीले साहेब येतीन, त्याईले सांगा ना."

"बोलाची गोष्ट हाय का ते, गोजरे?"

"मंग मले सांगा."

इंद्रभाननं हातातला घास ताटात ठेवला. "तुले तं नाहीच."

चौकशीला नायब तहसीलदार आले. गायरानातल्या मोहाखाली टेबल मांडलं होतं; पुढं पुरुष, मागं बाया. फुलं टपटप नकाशावर पडत होती, साहेब ती झटकत होते, आणि त्या गोड, जड वासात सगळेच अर्धवट झोपेत असल्यासारखे बसले होते.

"चराईसाठी दुसरी जमीन देऊ," साहेब म्हणाले. "आणखी कुणाची हरकत?"

पुरुष मातीकडं पाहत राहिले.

"कोनाची नाही, साहेब," पाटील म्हणाले.

तेवढ्यात इंद्रभान उठला.

"अबे, कोठी चालला?" पाटलांनी हटकलं.

तो एका वाकड्या सालईपाशी गेला, खाली बसला आणि झोपल्या लेकराला थोपटावं तसा तळवा मातीवर टेकवला. मग रामधन उठला. मग काठी टेकत म्हातारे नानाजी. एकेक जण गायरानात पांगत गेला, आपापल्या जागी बसला. दोघं तर अगदी शेजारी येऊन बसले आणि चकित होऊन एकमेकांकडं पाहू लागले. पाटील टेबलाला धरून बराच वेळ उभे होते. मग त्यांनी वहाणा काढल्या आणि तेही गेले.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"लेकरं हायेत, साहेब," कोतवाल हळूच म्हणाला. "तेथी. मातीत."

साहेबांनी नकाशावरची फुलं झटकायचं सोडून दिलं. थोड्या वेळानं ते कारकुनाला म्हणाले, "जमीन मोकळी नाही, असं लिहा. शेठनं दुसरीकडं पाहावं."

बाया जागच्या हलल्या नाहीत. गोजराबाई मात्र चालू लागली. मागून तुळसाबाईनं पदर ओढला, तो तिनं सोडवून घेतला. सालईपाशी पोचली तेव्हा इंद्रभाननं मान वर केली. तो जरासा बाजूला झाला आणि तिच्या हातासाठी मातीवर जागा केली.