रबरी हाताची भोकं

"मॅडम, उद्या निकालावर सही कराल ना, तेव्हा माझ्यापुढे नापास लिहा."

मी भांडी पुसत होतो, तो थांबलोच. माझी बायको नर्सिंग कॉलेजात शिकवते आणि ही तिची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. दारात चपला काढून आली ती थेट हेच बोलली. मार्क वाढवून मागणारी पोरं आमच्या घरी पुष्कळ येऊन गेली, पण हे प्रकरण नवीनच होतं.

बायकोने चष्मा काढला. "बरी आहेस ना गं? सगळ्या वर्गाला 'उत्कृष्ट' द्यायचं वरून ठरलंय. तुलाही दिलंय."

"म्हणूनच आले. तो सुई टोचायच्या सरावाचा रबरी हात आहे ना, मॅडम, त्यावर आधीच्या मुलींनी भोकं पाडून ठेवलीत. आम्ही सगळ्या त्याच भोकात सुई घालतो. रंगीत पाणी येतं, मार्क मिळतात. शीर मी कधी शोधलीच नाही." तिचा आवाज खाली गेला. "आणि आता मला लहान मुलांच्या वॉर्डात पाठवतायत. त्या लेकरांच्या हाताला भोकं थोडीच असतात?"

मला हसू आलं होतं, ते तिथेच जिरलं.

"नवा हात मागून मागून थकले मी," बायको म्हणाली. "साहेब म्हणतात, सगळ्या पास होतायत, मग हात वाईट कसा?"

साहेब म्हणजे प्राचार्य. काय डोकं म्हणावं या माणसाचं, नमस्कारच करावा.

"परत सहा महिने बसावं लागेल," बायको तिला म्हणाली. "घरी काय सांगशील?"

"सांगून झालं. आई रडली. बाबा बोलत नाहीयेत." ती खुर्चीच्या कडेवर टेकली होती. "बोलतील हळूहळू. मी ओरडा खाईन, मॅडम, पण एखाद्या बाळाला चार-चार वेळा टोचायचं मला जमणार नाही."

बायकोने नापास लिहिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. कॉलेजची अब्रू, पुढच्या वर्षीचे प्रवेश, काय काय ते मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होतं. बायको शांतपणे म्हणाली, "सही माझी आहे, साहेब," आणि फोन ठेवून पोटभर जेवली. किती तरी दिवसांनी ती अशी खुशीत जेवली. मलाही मग दोन घास जास्तच गेले.

पोरगी रोज संध्याकाळी आमच्याकडे शिकायला येऊ लागली. बायकोने आधी स्वतःचाच हात पुढे केला, पण तिच्या शिरा वयाने नाजूक झालेल्या, सुईखालून निसटायच्या.

"अहो, बाही वर करा," ती मला म्हणाली.

सुईला मी जन्मभर भ्यालोय. पण दोन बायकांसमोर नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? हात निळाजांभळा झाला. शेजाऱ्यांनी विचारलं, बायको मारते की काय? म्हटलं, मारत नाही, टोचायला लावते.

सुरुवातीला पोरगी डोळ्यांनी शोधायची आणि हमखास चुकायची. "बघू नकोस, बोटाने चाचप," बायको म्हणायची. चुकली की कुठे चुकली ते सांगायची, आणि परत दंडाला पट्टा बांधायला लावायची. पोरगी माझी माफी मागायची. मी म्हणायचो, "राहू दे गं, हात आपलाच आहे."

मग एका संध्याकाळी तिने पट्टा बांधला, डोळे मिटून कोपराच्या खोबणीत बोट फिरवलं आणि एका जागी ते थांबवलं. स्पिरिटचा बोळा गार लागला. मी दात आवळून भिंतीकडे तोंड केलं.

"कर बाई एकदाचं."

"झालं, काका."

बघतो तर सिरिंजमध्ये रक्त आलेलं. तिने पट्टा सोडला, सुई काढली, वर कापूस दाबून धरला. बायकोने वाकून जागा नीट पाहिली. सूज नाही, काही नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली.

शाळेपासून प्रत्येक कागदावर 'उत्कृष्ट' घेत आलेली ती पोरगी एका हाताने कापूस दाबून होती आणि दुसऱ्या हाताच्या बाहीने डोळे पुसत होती.