देवीचा डाग

दगादादाने विळ्याचं टोक गॅसवर धरलं, तेव्हा उषाबाईच्या मांडीवरचा नातू रडायचाही थांबला होता. पोट टम्म फुगलेलं, डोळे अर्धे मिटलेले. रडून रडून थकलं असेल बिचारं, असं तिने स्वतःला समजावलं. पण हे थकणं नव्हे, हे तिला आतून कळत होतं.

भावाला चलथाणहून तिनेच फोन करून बोलावलं होतं. सून सोनाली सकाळीच दवाखान्यात निघाली होती, तर हिनेच तिला अडवलं. दादा येऊ दे, देवीचा डाग दिला की खेळायला लागेल, म्हणाली. शेवटी सोनाली नवऱ्याला आणायला मिलकडे धावली. योगराजचा फोन कामाच्या वेळी गेटवर जमा असायचा. दारातून वळून ती एवढंच म्हणाली, "आई, मी येईपर्यंत त्याच्या पोटाला हात लावू देऊ नका."

आता डाग म्हटलं, तर उषाबाईचं अख्खं आयुष्य त्यातच गेलेलं. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये ती साड्या तपासायच्या टेबलावर उभी असायची. रंगाचा एवढासा ठिपका दिसला, की डाग म्हणून माल बाजूला! तिच्या नजरेला शेठसुद्धा वचकून असे. माहेरी मात्र डाग म्हणजे देवीची खूण. तिच्या बेंबीभोवती तो होता, दादाच्याही होता. धाकट्या भावाला, लोटूलाही दिला होता. त्याचा चिघळला आणि तान्हं पोर गेलं. माय म्हणाली, देवीने नेलं. पुढे घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही.

टोक लाल झालं. दादाने देवीचं नाव घेतलं आणि तो जवळ येऊन बसला.

"उषा, त्याना पाय धर."

"दादा, लोटू मरी गया ना."

दादा थबकला. "मायनी आपलेबी डाग दिधा व्हता. आपू मरनूत का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, मायाच होती. तिला त्या मायेचीच भीती वाटली. नको म्हटलं आणि पोराला काही झालं, तर देवीला काय सांगायचं? आणि हो म्हटलं तर सोनालीला?

विळा खाली आला. तिने काहीच ठरवलं नव्हतं. हात आपसूक बाळाच्या पोटावर गेला. चर्र झालं. बाळ दचकेल म्हणून ती ओरडली नाही.

दादाच्या हातून विळा गळून पडला.

"डाग घरले लागी गया, दादा," ती दात आवळून म्हणाली. "देवीले सांग. आते रिक्षा बलाव."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी झबलं वर करून आधी पोटाची कातडी निरखली. मग आतडं अडकलंय, आत्ताच ऑपरेशन करावं लागेल, पण फार वेळ गेलाय, म्हणाल्या. एवढा उशीर का केलात, असंही विचारलं.

सोनाली आणि योगराज धापा टाकत पोचले होते.

"मी केला," उषाबाई म्हणाली.

सोनालीने सासूकडे पाहिलं नाही. पदरात गुंडाळलेल्या हाताकडे तिची नजर गेली आणि तिथेच थांबली.

बाळाला आत नेऊ लागले. उषाबाई सोबत दारापर्यंत चालत गेली. टेबलावर साडी पाहावी तसं तिने ते फुगलेलं पोट दिव्याखाली या काठापासून त्या काठापर्यंत पाहून घेतलं. कुठेही डाग नव्हता. मग दार बंद झालं.